सव्वातीन वर्षं गवत, मग झाड



आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात घर घेतलं ते २०१७ साली. आपल्या लोकांनी हे गाव इतकं भरलंय की शनिवारी देशी दुकानात भेंडी निवडताना ऑफिसमधले दोन-चार जण तरी भेटतातच. घराच्या मागे तीन उंचच उंच झाडं होती. आईने ती व्हिडिओवर पाहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपल्या मुरुडच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं!" खरं सांगायचं तर मीही बरेच दिवस त्यांना सुरूच समजत होतो. पुढे कळलं की सुरू म्हणजे पाइन नव्हेच. तो मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, कोकणात लावलेला. आणि महाराष्ट्रात तर मूळचा एकही पाइन नाही. त्यामुळे या बाबतीत आपलं अज्ञान क्षम्य आहे, असं मी स्वतःला समजावलं.

माझ्या मागच्या अंगणातली ती तीन झाडं लॉबलॉली पाइनची होती. 'होती' म्हणतोय, कारण ती मी तोडली. ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळ आलं. दोन रात्री आम्ही तिघं खालच्या खोलीत गाद्या टाकून झोपलो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. वाऱ्यात ती झाडं अशी हलत होती की बायको दर दहा मिनिटांनी खिडकीशी जाऊन बघायची. आमचं काही झालं नाही, पण पलीकडच्या गल्लीत एका गॅरेजवर पाइन आडवा झाला. झालं, डोक्यात भुंगा शिरला. त्यातलं एक झाड वाळलेलं होतंच. बाकीची दोन चांगली धडधाकट होती, पण मी म्हटलं, आता एकदाच काय तो खर्च करू. मार्च २०१९ मध्ये माणसं बोलावली, साडेतीन हजार डॉलर मोजले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिन्ही झाडं आडवी केली.

दुपारी त्यांच्यातल्या एकाने मला हाक मारली. वाळलेल्या झाडाच्या ओंडक्यात एक भोक होतं, जेमतेम नाण्याएवढं. करवतीने तिथेच चीर गेली होती. आत पाइनच्या बियांच्या पातळ पंखांचं अस्तर, आणि त्यावर पाच अंडी. पांढरी, तांबूस ठिपक्यांची. दोन फुटलेली. पुढचे दोन दिवस एक चिमुकली जोडी त्या रिकाम्या हवेत, जिथे झाड होतं त्या जागी, घिरट्या घालत होती. आवाज अगदी लहान मुलांच्या रबरी बदकासारखा, चुईं-चुईं. मुलगी विचारत होती, "बाबा, ते काय शोधतायत?" मला उत्तर देता येईना.

शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त गृहस्थ, इथून दक्षिणेला सँडहिल्स म्हणतात त्या रेताड भागात लहानाचे मोठे झालेले. त्यांनी आवाजावरूनच सांगितलं, हा ब्राउन-हेडेड नटहॅच. जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी, पण अमेरिकेच्या या आग्नेय भागातल्या पाइनच्या रानांशी पक्का बांधलेला. खोडावर डोकं खाली करून उतरतो, पाइनच्या बिया खातो, मेलेल्या पाइनमध्ये घर कोरतो. गंमत म्हणजे तो सालीचा एक तुकडा चोचीत धरून त्याची पहार करतो आणि दुसरी साल उचकटून खालचे किडे काढतो. हत्यार वापरणारे पक्षी जगात फार नाहीत, आणि त्यातला एक माझ्या अंगणात राहत होता. मला त्याचं नाव कळलं ते त्याचं घर पाडल्यावर.

आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाळलेल्या झाडाचं पंधरा फूट खोड उभं ठेवलं असतं तरी चाललं असतं. ते घरावर पडण्याएवढं उंच राहिलंच नसतं." इतका साधा उपाय, पण मी कोणाला विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, "आता लावणारच असशील तर लाँगलीफ लाव. इथला खरा मानकरी तोच."

मग मी वाचायला लागलो. आपण इंजिनियर लोक, एखादी गोष्ट बिघडवल्यावर मॅन्युअल वाचतो, त्यातलाच प्रकार.

एके काळी लाँगलीफ पाइनची रानं व्हर्जिनियापासून पार पूर्व टेक्ससपर्यंत पसरलेली होती, सुमारे ९ कोटी एकर. म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा प्रदेश. १९९० च्या दशकात त्यातले उरले होते जेमतेम ३० लाख एकर, पुणे जिल्ह्याहूनही कमी! आधी राळ, डांबर आणि टर्पेंटाइनसाठी झाडं ओरबाडली. इंग्रजांच्या आरमाराची जहाजं या डांबरावर चालत आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या लोकांना 'टार हील' म्हणतात तेही त्यावरूनच. मग रेल्वे आली आणि लाकूडतोड झाली. मोकाट डुकरांनी रोपांची गोड मुळं खाल्ली. आणि शेवटी, चांगल्या हेतूने, माणसाने आग विझवायला सुरुवात केली.

हे आगीचं प्रकरण मला पचायला वेळ लागला. लाँगलीफला आग लागते, म्हणजे हवी असते. पूर्वी विजा पडून आणि इथले मूळ रहिवासी लावत त्या आगींमुळे दर काही वर्षांनी जमिनीलगत वणवा फिरून जायचा. ओक वगैरे रुंदपानी झाडोरा जळायचा, जमिनीवर ऊन पडायचं, गवत आणि फुलं उगवायची. ही सगळी रचना लाँगलीफच्या वाढीत बसवलेली आहे. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतं आणि काही आठवड्यांतच रुजतं. त्यानंतर रोप वर वाढतच नाही! नुसता लांब पानांचा झुपका, अगदी गवताचा बुंधा वाटावा असा. मधला कोंब त्या पानांच्या आत जपलेला. वणवा आला की बाहेरची पानं जळतात, कोंब वाचतो. वर काही दिसत नसलं तरी खाली सोटमूळ खोल खोल जात असतं. बुडाची जाडी साधारण एक इंच झाली की मग एकदम झाड उठतं आणि कोंब आगीच्या वर न्यायला धावत सुटतं. या गवती अवस्थेत ते कधी दोन-तीन वर्षं राहतं, तर कधी दहाहून जास्त.

डिसेंबर २०१९ मध्ये मी राज्याच्या वनखात्याच्या रोपवाटिकेतली रोपं आणली. पाच लावली. त्यातली दोन पहिल्याच उन्हाळ्यात गेली. एक गवत कापणाऱ्या माणसाने साफ कापून टाकलं. चूक त्याची नव्हती, त्याला ते गवतच वाटलं. उरलेल्या दोघांभोवती मी जाळी लावली. मग आमच्या वसाहतीच्या एचओएचं पत्र आलं, 'मागच्या बाजूचं तण काढून टाकावे'. मी दोन पानी उत्तर लिहिलं, फोटो जोडले. त्यांचं पुन्हा पत्र आलं की झाड असेल तर ठीक आहे, पण ते झाडासारखं कधी दिसणार? खरं म्हणजे मलाही तेच विचारायचं होतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा गुहागरकडचे, कलमं आणि काजू यांत आयुष्य गेलेलं. जाळीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अडीच वर्षांत एवढंच? हे काय झाड म्हणायचं?" मी सोटमुळाचं सांगितलं. ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे खाली काम चालू आहे. मग घाई करू नकोस, खतबित घालू नकोस. मूळ आळशी होईल." मी वाचलेल्या सगळ्या माहितीपत्रकांचा सारांश बाबांनी एका वाक्यात सांगितला. आगीचं मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. "आमच्याकडे वणवा लागला की बाग जाते, आणि इथे सरकार स्वतः लावतं?" म्हणून त्यांना घेऊन सदर्न पाइन्स गावाजवळच्या वेमथ वूड्स नावाच्या राखीव रानात गेलो, कॅरीहून गाडीने तासाभराहून थोडं जास्त.

तिथे पाटी वाचून बाबा गप्पच झाले. तिथला एक लाँगलीफ १५४८ च्या सुमारास रुजलेला आहे आणि अजून जिवंत आहे. आज माहीत असलेला हा सर्वांत जुना जिवंत लाँगलीफ. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे महाराज जन्मले तेव्हा हे झाड ऐंशी वर्षांचं होतं. तालीकोटची लढाई झाली तेव्हा ते कोवळं पोर होतं. आजूबाजूच्या खोडांवर खालच्या बाजूला काळे जळके डाग, आणि वर हिरवेगार लांब पानांचे झुपके. खाली मोकळं रान, पार दूरवर दिसेल असं. बाबांनी एका खोडावरच्या काळ्या डागावर हात फिरवला. "जाड कातडीचं आहे," एवढंच म्हणाले. परत येताना गाडीत ते भाताच्या राब भाजण्याबद्दल बोलत होते.

त्याच रानात मला लाल कोकेडवाला सुतार पक्षी दिसला, रेड-कोकेडेड वुडपेकर. नावातला लाल रंग म्हणजे नराच्या डोक्याच्या बाजूला एक इवलीशी रेघ, तीही सहसा दिसत नाही. पण याचं काम बघा. बाकीचे सुतार पक्षी मेलेल्या लाकडात भोक पाडतात, हा मात्र जिवंत पाइनमध्ये पाडतो. त्यासाठी झाड म्हातारं लागतं, बहुधा ऐंशी वर्षांच्या पुढचं, ज्याचा गाभा बुरशीने मऊ झाला आहे. एक ढोली पूर्ण व्हायला एक ते कित्येक वर्षं लागतात. भोकाभोवती तो बारीक छिद्रं पाडत राहतो, त्यातून राळ ओघळते आणि आपल्या धामणीसारखा झाडावर चढणारा साप त्या चिकट राळेत अडतो. कुटुंबपद्धत एकत्र. थोरली मुलं घरी राहून धाकट्या भावंडांना भरवतात. आणि ढोली रिकामी झाली की तीत ब्लूबर्ड येतात, उडत्या खारी येतात, माझे नटहॅचही येतात.

म्हातारी झाडं संपली तसा हा पक्षीही संपत चालला होता. १९७० साली तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला. १९७० च्या दशकात त्याची सुमारे १,४७० कुटुंबं उरली होती. १९८९ साली ह्यूगो वादळाने साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात त्याची बहुतेक झाडं पाडली, तेव्हा लोकांनी उरलेल्या झाडांत लाकडी खोकी बसवून त्याला तयार घरं करून दिली. आणि त्याने ती घेतली! आता सुमारे ७,८०० कुटुंबं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'धोक्यात' या वर्गात आणलं. लाँगलीफची रानंही लोकांनी पुन्हा लावत सुमारे ५० लाख एकरांपर्यंत आणली आहेत.

बाकी बिऱ्हाडंही कमी नाहीत. मोठ्या कोनांमधल्या बिया (हे कोन सहा ते दहा इंचांचे असतात) फॉक्स स्क्विरल खातात, म्हणजे काळ्या तोंडाची, पांढऱ्या नाकाची, आपल्या शेकरूची आठवण व्हावी अशी दांडगी खार. टर्की खातात, लाव्यासारखे बॉबव्हाइट खातात. जॉर्जिया-फ्लॉरिडाकडे या रानांत गोफर कासव बिळं करतं आणि त्या बिळांत साडेतीनशेहून जास्त जातींचे प्राणी आसरा घेतात. पाइनच्या पानांवर पतंगांचे सुरवंट वाढतात आणि त्या सुरवंटांवर पक्ष्यांची पिल्लं. डग टॅलमी नावाचे कीटकशास्त्रज्ञ सांगतात की चिकडीच्या एका विणीची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. हे वाचल्यावर मी कुंपणाला लावलेल्या लेलँड सायप्रेसच्या रांगेकडे बघितलं. दिसायला तेही हिरवंगार, पण ते इथलं नाही, आणि मी तर त्यावर कधी कोणाला जेवताना पाहिलेलं नाही.

आता ज्यांना लावायचं आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून शिकलेलं थोडक्यात:

१) जागा भरपूर उन्हाची आणि पाणी न साचणारी. आमच्याकडे लाल चिकणमाती आहे, म्हणून मी उताराची वरची बाजू निवडली. झाड शंभर फुटांपर्यंत जातं, तेव्हा घर आणि विजेच्या तारांपासून चांगलं लांब.

२) नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावावं. मधला कोंब मातीत अजिबात गाडायचा नाही. कुंडीतल्या मुळांच्या गठ्ठ्याचा वरचा भाग किंचित वर दिसला तरी चालतो. माझी पहिली दोन रोपं कोंब गाडल्यामुळेच गेली.

३) पहिल्या उन्हाळ्यात कोरड पडली तर पाणी. खत नको. भोवतालचं गवत हाताने काढत राहावं, सावली त्याला सोसत नाही.

४) खूण करा, जाळी लावा, गवत कापणाऱ्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवा!

५) पानांवर तपकिरी ठिपके पडून टोकं वाळायला लागली तर तो ब्राउन स्पॉट नावाचा बुरशीचा रोग. रानात आग तो आटोक्यात ठेवते. बॅकयार्डात आग लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको. मी रोगट पानं काढून टाकली आणि राज्याच्या कृषी विस्तार केंद्राला विचारून फवारणी केली.

६) जुना पाइन तोडायच्या आधी झाडांच्या जाणकाराकडून तपासून घ्या. तोडणाऱ्यालाच विचारलं तर तो तोडच म्हणणार. मेलेला असेल आणि जागा सुरक्षित असेल तर खोड उभं ठेवा. आणि तोडायचाच असेल तर विणीच्या हंगामात नको.

बाकी ठिकाणच्या मंडळींनी आपापल्या भागातला पाइन शोधावा. न्यू जर्सीत पिच पाइन आहे. मिशिगनमध्ये जॅक पाइन आहे, ज्याच्या कोवळ्या झाडांखाली कर्टलँड्स वॉर्बलर घरटं करतो. तो पक्षी २०१९ साली संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. स्कॉटलंडमध्ये स्कॉट्स पाइन आहे. नर्सरीत सुंदर दिसतं ते आणि तिथलं असतं ते, यांत फरक आहे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आमच्या झाडाचं सांगायचं राहिलं. कॉलेजातला व्हर्नियर कॅलिपर मी उगाच जपून ठेवला होता, तो शेवटी कामी आला. दर महिन्याला बुडाची जाडी मोजायचो. मार्च २०२३ मध्ये एका झुपक्यातून मेणबत्तीसारखा पांढुरका कोंब वर आला. सव्वातीन वर्षं काही न दिसता, आणि मग त्या उन्हाळ्यात तो मुलीच्या कमरेला लागला. आता तो माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. दुसरा मागाहून उठला, तोही येतोय.

आजोबांच्या सांगण्यावरून एक इंची भोकाचं लाकडी घरटंही खांबावर लावलं. दोन वर्षं रिकामं होतं. २०२२ पासून नटहॅचची जोडी येते. तीच जोडी नसणार, हे मला कळतं. तरी पहिल्यांदा तो रबरी बदकाचा आवाज ऐकला तेव्हा मी मीटिंग म्यूट करून बाहेर पळालो होतो.

परवा एक मित्र म्हणाला, "तुझी प्रायॉरिटी डेट कधीची, आणि तू शंभर वर्षांचं झाड लावतोस? उद्या घर विकून जावं लागलं तर?" प्रश्न बरोबर आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपलं काय होईल ते आपल्याला माहीत नाही. पण हे झाड ढोलीच्या वयाला येईल तेव्हा तसाही मी नसणार, इथे राहिलो तरी. बाबांनी लावलेल्या कलमांचे आंबे आज दुसरेच कोणी उतरवतात, त्याचं त्यांना कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही. घर विकायची वेळ आलीच तर कागदपत्रांबरोबर नव्या मालकाला एक चिठ्ठी देणार आहे: हे दोन पाइन लाँगलीफ आहेत, घरापासून लांब लावले आहेत, वादळाला घाबरून तोडू नका. २००५ च्या कतरिना वादळात लॉबलॉलीपेक्षा लाँगलीफ कमी पडले होते, हेही त्यात लिहीन. २०१९ साली मला अशी चिठ्ठी कोणी दिली असती तर बरं झालं असतं.

असो. बरंच लांबलं. या डिसेंबरात कोणाला रोपं आणायची असतील तर सांगा, मी जाणारच आहे. उकिडवं बसून खड्डा खणायला मदतही करीन.

कळावे, लोभ असावा.